गालावर पारखलेला गोटा

घरच्या चाकूला धार येत नाही म्हणून बाजारातून सगळ्यात मोठा आणि सगळ्यात खरखरीत दगड उचलून नेणारा माणूस मी लांबून ओळखतो. थोड्या दिवसांनी तोच माणूस माझ्या गाडीपाशी येतो आणि म्हणतो, "काका, रोज घासून राह्यलो, धार काही लागत नाई. पातं मात्र अर्धं झालं." होणारच ना बाप्पा! धार लावत नव्हता तू, चाकू खात होता. पण हे त्याच्या तोंडावर बोलता येत नाही. मग मी चाकू हातात घेतो, दोन्ही अंगांनी बघतो आणि नुसतं "हुं" म्हणतो. त्या "हुं"मध्ये त्याला जे समजायचं ते समजतं.

मी घाटंजीचा धारवाला. पायानं फिरवायच्या चाकाची गाडी माझ्या वडिलांची, तीच मी पुढे चालवली. आठवडी बाजाराच्या दिवशी भाजीच्या रांगेच्या शेवटी, एरवी आजूबाजूच्या खेड्यांतून. लग्नात पंगतीला बसलो तरी शेजारचा विचारतो, "काका, दगड कोनता घेऊ?" एकदा तर एसटीच्या खिडकीतून एका बाईनं विचारलं आणि मी सांगायच्या आत गाडी सुटली. ती बाई बिचारी अजून बोथट चाकूनं कांदा दाबत असेल. दिवाळी अंक काढणाऱ्या पोरांनी मला लिहायला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा तीच आठवली. म्हटलं, निदान दगडाचं तरी लिहून टाकू. लिहायला बसलो आणि दगडाबरोबर दुसरंच सगळं वर आलं.

आधी धंद्याचं सांगतो. लोकांना वाटतं चाक म्हणजे धार. चाकावर ठिणग्या उडतात, पोरंसोरं गोळा होतात, गिऱ्हाइकाला काम झाल्यासारखं वाटतं. खरं तर चाक हे खाच पडलेलं, वेडंवाकडं झालेलं पातं सरळ करण्यापुरतं. चाकावर जास्त वेळ धरलं की पातं तापतं, निळं पडतं आणि लोखंडाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतं. पाणी उतरलेल्या चाकूला कितीही धार लावा, दोन भाज्या चिरल्या की पुन्हा बोथट. खरी धार लागते ती दगडावर. हळू, पाणी शिंपडत, पातं थोडंसं तिरपं धरून. एका अंगानं घासत गेलं की पात्याच्या दुसऱ्या अंगाला बोटाला लागेल न लागेल अशी बारीक खरखर उठते. ती उठली की समजायचं इकडचं काम झालं. मग दुसरं अंग घ्यायचं, आणि शेवटी ती खरखर मऊ दगडावर पुसून काढायची. एवढंच आहे सगळं. सांगायला सोपं आहे, शिकायला माझी अर्धी जवानी गेली.

आता दगड. दुकानात कुरुंदाची करडी वडी मिळते, एक अंग खरखरीत, एक अंग मऊ. घरच्या चाकूला तेवढी पुरे. पातं कुठं आपटून खाच पडली तरच खरखरीत अंगाला जा, एरवी मऊ अंगावरच भागवा. घेताना वडी उजेडाकडे धरा, मध्ये खोलगट नको. बोटाच्या पेरानं वाजवा. टणक आवाज आला तर घ्या, फुटक्या मडक्यासारखा आला तर आत चीर आहे, गुपचूप परत ठेवा. वर थोडं पाणी सोडा. पाणी झटकन पिऊन टाकणारा दगड भुसभुशीत असतो, लवकर झिजतो. पाणी अंगावर धरून ठेवणारा दगड बारीक. आणि पाण्यावर वापरायचा दगड पाण्यावरच वापरा. कोणी हौसेनं त्याला गोडं तेल पाजलं की त्याची छिद्रं बुजतात, मग तो दार अडवायच्या कामाचा.

हे सगळं वडिलांनी शिकवलं. पण विळीचा दगड मला माझ्या बायकोनं शिकवला, विमलनं.

विळीचं काम वेगळं आहे. चाकू आपण दगडाकडे नेतो. विळीचं पातं पाटाला ठोकलेलं असतं आणि वाकडं असतं, ते कसं नेणार दगडाकडे? तिथं दगडालाच पात्याकडे जावं लागतं. म्हणजे दगड हातात मावणारा हवा, पात्याच्या वळणात शिरेल असा एका टोकाला निमुळता हवा, आणि बारीक हवा, कारण विळीला खरखरीत दगड लावला की ती पालेभाजी चिरत नाही, ओरबाडते. असा दगड दुकानात मिळत नाही. वडील कुरुंदाच्या वडीचा तुकडा फोडून वापरायचे. बायका तक्रार करायच्या, आणि वडील त्यांनाच उलटं ऐकवायचे. त्यांचा स्वभावच तसा होता. माझाही फार वेगळा नाही.

विमलचं माहेर फुलसावंगीचं. लग्नाला थोडेच दिवस झाले होते, तिच्याकडे कोणाचं तरी बारसं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळी पाहुणेमंडळी पैनगंगेवर गेली. मी तिथंही धंदा सोडला नाही. पात्रातले गोटे उचलत होतो, नखानं ओरखडत होतो, बऱ्यापैकी वाटले ते पिशवीत भरत होतो. विमल उथळ पाण्यात लुगडं खोचून बसली होती. एकेक गोटा उचलायची, गालावरून फिरवायची आणि फेकून द्यायची. मला हसू आलं.

"काय करून राह्यली वं? गोट्यानं तोंड धुऊन राह्यली काय?"

"तुमच्यासाठी गोटा पाहून राह्यली."

"गालानं?"

"मंग कायनं? तुमच्या हाताले घट्टे, माह्या हाताले घट्टे. हात काय सांगन? गालाले घट्टे नाई पडत."

मी तिला चार शब्द ऐकवणार होतो. चार पिढ्या नाही तरी दोन पिढ्या आमच्या दगड घासण्यात गेल्या आणि ही कालची पोरगी मला शिकवते! तेवढ्यात तिनं एक गोटा गालावरून फिरवला, पुन्हा फिरवला, आणि फेकला नाही. हिरवट काळा, वापरून वापरून एका बाजूनं झिजलेल्या साबणासारखा. "हा घ्या," ती म्हणाली, "हा टोचत नाई." परतल्यावर मी सासूबाईंची विळी मागून घेतली, त्या गोट्यानं धार लावली. सासूबाईंनी कोथिंबीर चिरून पाहिली आणि माझ्याकडे न बघता लेकीकडे बघून हसल्या. पिशवीतले माझे सगळे गोटे मी तिथल्या अंगणातच टाकून आलो.

तेव्हापासून तो गोटा माझ्या सदऱ्याच्या खिशात. खिसा फाटायचा, म्हणून विमलनं प्रत्येक सदऱ्याच्या खिशाला आतून मांजरपाट शिवला. शिवताना तोंड चालूच. "लोकाईचे नवरे खिशात पान-सुपारी ठेवते, माह्या नवऱ्यानं धोंडा ठेवला." मी म्हणायचो, "तूच देल्ला होता." त्यावर ती दातानं दोरा तोडायची आणि सदरा माझ्या अंगावर फेकायची.

आमचा मुलगा अमोल शाळेत जायला लागला तशी ती माझ्याबरोबर बाजारात बसायला लागली. मी घासायचो, ती धार पाहायची. माझा अंगठा इतका निबर झाला होता की ती म्हणायची, "हे बोट हाये का खिळा?" तिनं पातं अंगठ्यावर आडवं फिरवून "अजून" म्हटलं की पुन्हा दगडावर. "बस" म्हटलं की बस. गिऱ्हाइकं माझ्याशी भांडायची आणि तिच्याशी बोलायची. एक लग्नाचा आचारी होता, मोठा नाकाचा. आपले सुरे कोणाच्या हातात द्यायचा नाही. तो तिला म्हणाला, "बाई, पोतंभर कांदा चिरायचा हाये. डोळ्याले पानी आलं तर तुमची धार खोटी." ती म्हणाली, "पानी आलं तर सांगजा भाऊ, पुसाले येईन." पुढच्या लगीनसराईत तो आपणहून सगळे सुरे फडक्यात बांधून घेऊन आला. पाणी आलं का, हे काही त्यानं सांगितलं नाही.

पण तिची खरी ओळख मला एका चाकूनं करून दिली. गावातल्या एक मास्तरीणबाई एका बाजारी आल्या, चाकू पुढे केला आणि खाली बघत म्हणाल्या, "काका, ह्याची धार काढून द्या."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी सांगितलं, सासूबाईंना भूल पडते. घरात आता तीनच माणसं, पण त्यांना वाटतं अजून सगळं खटलं घरातच आहे. रोज सकाळी भाजी चिरायला बसतात आणि बोटं कापून घेतात. चाकू लपवला तर रडतात, जेवत नाहीत. मी म्हटलं, "बाई, जन्मभर धार लावली. काढून कशी देऊ? हे काम मले नाई जमत." मला खरंच राग आला होता. धंद्याचा अपमान वाटला होता.

विमलनं माझ्या हातातून चाकू घेतला. मला हळूच म्हणाली, "अहो, थ्या म्हातारीले भाजी चिरायची नाई हाये. तिले घरात कामाचं राह्यचं हाये." आणि तिनं पातं गोट्यावर उभं धरून, सावकाश फिरवत धार गोल करून टाकली. मास्तरीणबाईंना सांगितलं, "आता तिले पिकलं टमाटर द्या, केळी द्या, उकडलेला आलू द्या. थे चिरल्या जाईन, बोट नाई चिरल्या जाईन." बाई गेल्या. पण काही दिवसांनी म्हातारीला घेऊनच बाजारात हजर. म्हातारीची तक्रार, चाकू कापत नाही. विमलनं तोंड एवढं गंभीर केलं, चाकू घेतला, चाकूच्या पाठीला खर्र खर्र गोटा घासला, अंगठा फिरवला आणि दचकल्यासारखं केलं. "माय वो! लय तेज झाली. सांभाळून बरं, माय." म्हातारी खूश. पदराच्या टोकात चाकू गुंडाळून घेऊन गेली. मग हे नेहमीचंच झालं. म्हातारी वारल्यावर मास्तरीणबाई एकट्या आल्या, म्हणाल्या, "आता ह्याला धार लावून द्या." त्या दिवशी विमल धार लावता लावता इतकी रडली की मला गाडी सोडून तिच्यापाशी बसावं लागलं. मी तिला म्हटलं होतं, अवं, ती आपली कोण लागत होती?

आता पुढचं लिहायचं म्हणजे हात जड होतो.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिचं पोट दुखायला लागलं. आमच्या बायकांची सवय, दुखणं अंगावर काढायचं. ओव्याचं पाणी पी, पोटाला शेक दे, चाललं. यवतमाळला नेईपर्यंत फार उशीर झाला होता. डॉक्टर चांगले होते, त्यांनी मला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून सांगितलं की आता घरीच न्या, जे आवडतं ते खाऊ घाला. अमोल तिथंच यवतमाळला मोटारीच्या कामावर आहे, तो सुट्टी टाकून घरी आला. मी बाजार सोडणार होतो. तिनंच सोडू दिला नाही. "अठी बसून माह्या तोंडाकडे काय पाह्यता? जा. आन इळ्या घरी आना."

मग मी लोकांच्या विळ्या संध्याकाळी घरी आणायला लागलो. तिच्या खाटेशेजारी बसून गोट्यानं धार लावायची, पातं तिच्याकडे करायचं. ती पडल्या पडल्या अंगठा फिरवायची. "अजून." मी पुन्हा घासायचो. "बस." एका संध्याकाळी तिनं अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, तिसऱ्यांदा फिरवला. मग म्हणाली, "मले नाई समजून राह्यलं आता. तुमीच पाहा." ती विळी मी तशीच बाजूला ठेवली. डॉक्टरांच्या बोलण्यानं जे मला कळलं नव्हतं ते तेव्हा कळलं.

पोळा होऊन गेला होता, सोयाबीन पिवळं पडत होतं, तेव्हा ती गेली. सकाळी. अमोलनं तिला चमच्यानं चहा पाजला, अर्धा प्याली, अर्धा ओठांवरून गळला.

आमच्यात चितेपाशी एक रीत आहे. मुलगा खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन फेरे घालतो आणि मागून चालणारा माणूस गोट्यानं मडक्याला भोक पाडतो. तो गोटा फेकत नाहीत. त्याला जीवखडा म्हणतात. गेलेल्या माणसाचा जीव दहाव्यापर्यंत त्या गोट्यात राहतो, असं मानतात. रोज त्याच्यावर तिळपाणी घालायचं, त्याच्यापाशी दिवा ठेवायचा, आणि दहाव्याला नदीत सोडायचा. घरून निघताना गोटा बरोबर घ्यायचा असतो. आमच्या घरी त्या दिवशी कोणाला कशाची शुद्ध होती? गोटा राहून गेला.

आणि तिथं गोटा मिळेना. आमची जमीन काळी, कापसाची, औषधाला दगड सापडायचा नाही. त्यात स्मशान नवीन बांधलेलं, खाली सिमेंटचे गट्टू पक्के बसवलेले. विमलचे मोठे भाऊ, नामदेवदादा, ओरडले, "अरे, कोनी गोटा आना रे!" दोघंतिघं रस्त्याकडे धावले. अमोल खांद्यावर मडकं घेऊन उभा. मडक्यातलं पाणी हिंदकळून त्याच्या पाठीवर सांडत होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"बाबा," तो म्हणाला, "तुमच्या खिशात हाये ना."

माझा हात खिशात गेला. मी गोटा काढून नामदेवदादांच्या हातावर ठेवला. खरं सांगतो, त्या वेळी मनात काहीच आलं नाही. पोरगा उभा आहे, त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलं पाहिजे, एवढंच दिसत होतं. दादांनी मडक्याला गोटा मारला, पाण्याची धार लागली, अमोल चालू लागला.

घरी आल्यावर दादांनी पळसाच्या पानाच्या द्रोणात तो गोटा ठेवला, शेजारी दिवा लावला, अमोलला म्हणाले, "जपजो रे बावा. ही तुही माय हाये आता." तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. मी काय देऊन बसलो ते कळलं. तिची एवढी एकच वस्तू मी अंगावर वागवत होतो आणि ती आता दहा दिवसांची पाहुणी होती.

लोक भेटायला यायचे. मी द्रोणापाशी बसलेला असायचो. माझा हात सारखा खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. बाया म्हणायच्या, धक्क्यानं सुन्न झाला हो. मी सुन्न नव्हतो. हा गोटा वाचवावा कसा, याचा विचार मी दिवसभर करत होतो. शेवटी लाज सोडून नामदेवदादांना विचारलं, "दादा, ह्याच्या बदल्यात दुसरा सोडला तर?"

दादा माझ्यावर चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ते म्हणाले, "जवाईबापू, थो आता गोटा राह्यला काय? तिचा जीव हाये त्यात. तुमीच सांगा, कसा बदलवता?"

अमोलला मात्र राहवेना. त्यानंच मागितला होता ना, तेच त्याला खात होतं. आडबाजूला नेऊन मला म्हणाला, "बाबा, मी खदानीवरून तसाच एक गोटा आनतो. दहाव्याले थो सोडू. हा तुमी ठेवा. कोनाले समजते?"

"तुह्या मायले समजन," मी म्हणालो.

त्यानं मान खाली घातली. मी त्याला जवळ घेतलं आणि सांगितलं की तुझं काही चुकलं नाही, तू मागितला म्हणून मी दिला आणि पुन्हा मागितला तर पुन्हा देईन. पण रात्रभर मी कुशी बदलत राहिलो. होय म्हणावं असं फार वाटत होतं. मी काही मोठा देवधर्म करणारा नाही. गोट्यात जीव असतो की नसतो, मला ठाऊक नाही. पण समजा असला, आणि मी दुसराच गोटा सोडला, तर ती माझ्या खिशात अडकून राहायची. उन्हातान्हात ती जन्मभर माझ्या गाडीपाशी बसली. आपल्याला करमत नाही म्हणून तिला आणखी किती दिवस बसवून ठेवायचं? सकाळी उठून मी अमोलला म्हटलं, "हाच सोडायचा."

मनातून वाटत होतं, सोडायचाच तर पैनगंगेत सोडू. पण पाहुण्यांची सोयाबीनं कापणीला आली होती, ज्याला त्याला परत जायचं होतं. गावाजवळच्या नदीवरच दहावा केला. पाणी गढूळ होतं. भाताचा पिंड ठेवला, लोक मागे सरकले, आणि कावळा लगेच आला. कोणी हात जोडले नव्हते, कोणी काही कबूल केलं नव्हतं, तेवढ्यात शिवून गेला. बाया म्हणाल्या, "पुण्यवान बाई. काईच इच्छा ठेवली नाई मांगं." सगळ्यांना बरं वाटलं. मला मात्र नाही. काहीच इच्छा ठेवली नाही? माझ्यात, अमोलात, एवढ्या संसारात तिचं काहीच अडकलं नव्हतं? थोडा वेळ कावळ्यानं वाट पाहायला लावली असती तर काय बिघडलं असतं!

अमोल गुडघाभर पाण्यात उतरला. दादा म्हणाले, "सोड आन मांगं पाहू नको." अमोलनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं हात पाण्याखाली नेला आणि रिकामा वर काढला. आवाजसुद्धा झाला नाही. आम्ही मागे न बघता घरी आलो.

तेरवी झाली, पाहुणे गेले. बाहेर सोयाबीनची कापणी जोरात, घरातल्या विळीचा नाही, कापणीच्या इळ्याचा, म्हणजे विळ्याचा, हंगाम. लोक दाराशी यायला लागले. अमोल म्हणाला, "बाबा, बसा जाऊन थोडं. घरात बसून काय होते?" त्यानं यवतमाळहून कुरुंदाची बारीक वडी आणली होती. तिचा एक तुकडा पाडून, कडा घासून, एका टोकाला निमुळता करून त्यानं माझ्या खिशात टाकला. गाडी घेऊन बाजारात बसलो. इळे घेतले, चाकू घेतले, कात्र्या घेतल्या. घरातली विळी घेऊन कोणी आलं की सांगायचो, "ते काम बंद केलं आता." मला ठामच वाटत होतं, त्या गोट्याशिवाय विळीला धार लागायची नाही. सगळ्यांना मी जन्मभर तेच सांगत आलो होतो. कोणी धारेची तारीफ केली की विमलकडे बोट दाखवायचं, "तिनं निवडलेल्या गोट्याची करामत हाये." आणि ती पदर तोंडाला लावायची.

दिवाळी तोंडावर आली तशी खेड्यावरची एक बाई आली. दर दिवाळीआधी विळी घेऊन यायची, एरवी दिसायची नाही. तिला काहीच माहीत नव्हतं.

"मावशी नाई दिसत आज?"

"नाई," मी म्हणालो. "बाई, विळीचं काम नाई करत मी आता."

"असं काहून म्हनता काका? एवढ्या दुरून आली मी. पोरी येऊन राह्यल्या दिवाळीले. बोथट इळी घेऊन कशी जाऊ?"

तिनं विळी माझ्यापुढे मांडूनच ठेवली. मी खिशातला तुकडा काढला. वाटलं, घासू आणि दाखवून देऊ हिला की लागत नाही. मनापासून वाटत होतं, लागू नये. पाणी शिंपडलं, पात्याच्या वळणात तुकडा घातला आणि घासायला सुरुवात केली. मान वर केली नाही. खरखर उठली, पुसली गेली. विळी तिच्याकडे सरकवली.

तिनं पिशवीतून शेपूची जुडी काढली, एक मूठ पात्यावर धरून चिरली. शेपू न दबता, न चुरगळता बारीक पडला. तिनं दोन काड्या बोटांत धरून पाहिल्या आणि हसली.

"पाहा, लागली की नाई? तश्शीच धार. मावशीचा गोटाच गुनाचा हाये काका, आन तुमी नाई म्हनून राह्यले होते."

मी तिला सांगितलं. मावशी गेली, गोटाही गेला. तिनं पदरानं डोळे पुसले, "माय वो माय" म्हणत राहिली. मग विळी पोत्यात गुंडाळून, मागे वळून वळून बघत गेली.

मी माझ्या हातांकडे बघत बसलो. मला त्यांचा राग आला. बाजारातल्या कुरुंदाच्या तुकड्यानं त्यांनी तीच धार लावून दिली होती. तिचा गोटा नाही, तिचा अंगठा नाही, "अजून" नाही, "बस" नाही, आणि तरी यांचं काही अडलं नव्हतं. कसं जमलं तुम्हाला? थोडी तरी लाज? भर बाजारात मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. तिच्याशिवाय धार लागली, ही गोष्ट मला कोणाला तरी सांगायची होती. असं काही झालं की मी तिलाच सांगायचो.